१३८ वर अडकले : एफएमजीईचा तिसरा प्रयत्न, ठाण्यात घरी बसून

पाचपाखाडीकरीण | रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहितेय आज पहिल्यांदा.

मी २०१८ साली रशियाला डॉक्टरी शिकायला गेले, २०२४ ला पदवी घेऊन परत आले. बाहेरून शिकून आलेल्याला इथे रजिस्ट्रेशन मिळवायचं तर एफएमजीई पास व्हावी लागते. एका दिवसात ३०० प्रश्न, १५० आले की पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. नातेवाइकांना हे सांगितलं की सगळे एकच वाक्य म्हणतात, "अगं मग सोप्पीच की!" पहिल्यांदा १२१ आले. दुसऱ्यांदा १३८. रीचेकिंग वगैरे प्रकार नसतो, त्यामुळे १३८ म्हणजे १३८.

पहिल्या प्रयत्नाआधी परगावी राहून सहा महिने एका क्लासला गेले. नाव घेत नाही. जाहिरातीत मोठे मोठे सर, प्रत्यक्षात अडीचशे मुलं कोंबलेला हॉल आणि पडद्यावर त्याच सरांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर. खोलीचं भाडं धरून जे पैसे गेले ते बाबांच्या पीएफमधून. दुसऱ्या वेळी घरीच बसले, ॲपवरचे व्हिडिओ पाहिले. एकोणीसच्या एकोणीस विषय, एकदा पूर्ण आणि अर्धे दुसऱ्यांदा. सगळ्या नोट्स रंगीत पेनांनी काढल्यात, सोळा वह्या झाल्या.

बाबा गेलं दीड वर्ष क्रिकेटची मॅच आवाज बंद करून बघतात. मी काही बोलले नव्हते, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. परवा शेवटच्या ओव्हरला सगळ्या बिल्डिंगमध्ये आरडाओरडा आणि आमच्या हॉलमध्ये बाबा एकटे हवेत मूठ उडवताहेत, तोंडातून आवाज नाही. त्या रात्री मला अजिबात वाचवलं नाही.

प्रश्न एवढाच, की पाच महिने हातात आहेत. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघू का? बारा मार्कांसाठी सगळं परत करायचं, की फक्त कच्चे विषय? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

काकू_नेरूळ | सकाळी ६:१५

बाळा, आधी नीट जेवतेस ना? माझा मुलगा जॉर्जियात तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे तुझा धागा वाचून पोटात गोळा आला. जाणकारांनी लिहा, मलाही उपयोग होईल.

तिरकस | सकाळी ९:०३

मूळ प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. सरासरी साधारण पाचातला एक पास होतो. २०२४ च्या जून सत्राला वीस-एकवीस टक्के निकाल होता. मग एवढे पैसे घालून परदेशी जायचंच कशाला?

काकू_नेरूळ | सकाळी ९:२०

कारण इथे खासगी कॉलेजची फी ऐकून आम्ही खुर्चीतून उठलो होतो आणि सरकारीला नंबर लागला नाही. झालं समाधान?

घणसोलीचा | सकाळी १०:५१

तिरकस, तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला. इथे एक मुलगी १३८ वर उभी आहे.

ताई, मी तिसऱ्या फटक्यात १६३ ने सुटलो, सध्या इंटर्न आहे. ड्यूटीतून वेळ काढून लिहितोय, शुद्धलेखन बघू नका.

व्हिडिओ परत पहिल्यापासून बघू नकोस. बघताना बरं वाटतं हे खरं. सर बोलतात, आपण मान डोलावतो, सगळं कळल्यासारखं वाटतं. पण परीक्षेत सर नसतात. चार पर्याय असतात आणि त्यातले दोन अगदी जुळ्या भावांसारखे. मी पहिल्या दोन वेळी हेच केलं. दीडपट वेगाने, मग दुप्पट वेगाने. शेवटी घरच्यांचं बोलणंही हळू वाटायला लागलं.

आता हिशेब. ३०० पैकी १०० मार्क सुरुवातीच्या वर्षांच्या विषयांना : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री १७-१७-१७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्माकॉलॉजी १३-१३-१३, फॉरेन्सिक १०. उरलेल्या २०० मध्ये मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य ३०. म्हणजे हे चारच १२५ झाले. बालरोग, डोळे, ईएनटी १५-१५-१५. राहिले सहा चिल्लर विषय, मानसोपचार, त्वचा, ऑर्थो, भूल, रेडिओलॉजी, रेडिओथेरपी, प्रत्येकी ५.

या चिल्लरला सगळे चिल्लरच समजतात. पण सहा गुणिले पाच तीस, म्हणजे अख्ख्या गायनॅकएवढे मार्क! आणि वाचायचं गायनॅकच्या चौथाईसुद्धा नाही. मी दुसऱ्या वेळी भूल आणि रेडिओथेरपी उघडलंच नव्हतं, "पाच मार्कांसाठी कोण वाचतो" म्हणून. तेव्हा किती मार्कांनी गेलो ते लिहीत नाही, अजून लाज वाटते.

दुसरं काम. दोनशे पानी आडवी वही घे, रंगीत पेन बाजूला ठेव. रोज शंभर प्रश्न सोडव आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत एका ओळीत उतरव. ओळीच्या शेवटी एकच अक्षर टाकायचं. न म्हणजे माहीतच नव्हतं. वि म्हणजे वाचलेलं विसरले. घ म्हणजे घाई, प्रश्न नीट वाचला नाही. ब म्हणजे बरोबर होतं, बदललं. महिन्याने ती अक्षरं मोज. तुझे बारा मार्क कुठे पडलेत ते तिथे दिसेल, आम्हाला इथून नाही दिसणार.

डॉ_खारघर | दुपारी २:३०

वरचा प्रतिसाद योग्य. मी तीस वर्षं प्रॅक्टिस करतो, बाहेरून आलेले इंटर्न हाताखालून गेलेत. एक तक्रार नेहमीची : वाचन असतं, पेशंट पाहिलेला नसतो. भाषेमुळे तिथे वॉर्डात मागे उभं राहून दिवस काढलेले असतात.

मुलीला एक प्रश्न देतो. पुस्तक न उघडता उत्तर दे. पावसाळा, कर्जतकडचा पाडा. बाप्या रात्री जमिनीवर झोपला. पहाटे पोटात कळ आणि उलटी. घरचे म्हणतात अपचन. सात वाजता पापण्या उचलत नाहीत, बोलणं जड. अंगावर चाव्याची खूण सापडत नाही, सूज नाही. काय झालं?

पाचपाखाडीकरीण | दुपारी ३:०५

सर, साप? न्यूरोटॉक्सिक. कोब्रा?

डॉ_खारघर | दुपारी ३:४०

साप बरोबर, पण नाग नाही. नाग चावला तर त्या जागी सूज येते, दुखतं, माणूस ओरडून उठतो. हा मण्यार. रात्री अंथरुणात शिरतो, दात बारीक, चावल्याचं कळतही नाही. पोटदुखी ही त्याची खोड.

आता पुढचं, आणि परीक्षेत हेच विचारतात. नागाचं विष स्नायूच्या बाजूने अडवतं, म्हणून निओस्टिग्मिन या औषधाला प्रतिसाद मिळतो. ते देताना आधी ॲट्रोपिन. मण्याराचं विष मज्जातंतूच्या टोकालाच मारतं, तिथे निओस्टिग्मिनचा भरवसा नाही, श्वास सांभाळावा लागतो. घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारांवर मिळून एकच.

विंचवाचं विचारलं तर प्राझोसिन, आणि ते आपल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम. हे सगळं तू इंग्रजीत वाचलेलं आहेस. फरक एवढाच की आता तुला बाप्या दिसतोय.

रबाळे_नाइटशिफ्ट | रात्री ८:१२

सर, हे वाचून अंगावर काटा आला. मीही एफएमजीवाला, बाहेरूनच शिकून आलेला. चार प्रयत्न झालेत. ऐरोलीत इन्शुरन्सचे मेडिकल क्लेम तपासायचं काम करतो, रात्री साडेनऊ ते साडेसहा. पगार बरा आहे पण सकाळी घरी आल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. दिवसाला शंभर प्रश्न कुठून काढू?

घणसोलीचा | रात्री ९:३०

शंभर नको, चाळीस काढ, पण रोज काढ. जेवणाच्या ब्रेकला वीस, ट्रेनमध्ये वीस. ऐरोली ते ठाणे उलट्या दिशेने जातोस ना सकाळी? बसायला मिळतं.

पाचपाखाडीकरीण | रात्री १०:१८

रबाळेदादा, नोकरीचा विषय काढलात म्हणून विचारते. घराजवळच्या एका नर्सिंग होमने रात्रपाळीला ये म्हणून विचारलंय. "सही आमची, तू फक्त पेशंट बघ, अनुभव मिळेल." महिन्याचे पैसेही देणार. आई म्हणते जा, बाबा गप्प. खारघर सर म्हणतात तसा पेशंट बघायला मिळेल, म्हणून मोह होतोय.

डॉ_खारघर | रात्री १०:२५

अजिबात नाही.

रजिस्ट्रेशनशिवाय पेशंटवर उपचार करणं गुन्हा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३४ वाच. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री दोनला पेशंट गेला तर "सही आमची" म्हणणारा माणूस फोन उचलणार नाही. तुझं रजिस्ट्रेशन जन्माला येण्याआधीच डाग लागेल.

पेशंट बघायचा असेल तर ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन बाजूला नुसती बस. हात लावायचा नाही, लिहून द्यायचं नाही, फक्त बघायचं आणि घरी येऊन वाचायचं. त्याचे पैसे कोणी देत नाही, हेही सांगतो.

रबाळे_नाइटशिफ्ट | रात्री १०:४०

+१. माझा एक मित्र असाच अडकला होता. जास्त लिहीत नाही.

पाचपाखाडीकरीण | आठ दिवसांनी, रात्री ११:१०

नर्सिंग होमला नाही सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही, मग आपोआप बोलायला लागली.

माझी मावशी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिच्या लसीकरणाच्या दिवशी कोपऱ्यात स्टुलावर बसले. तीन तास. पीएसएमचे ३० मार्क आणि त्यातला लसीकरणाचा तक्ता मी किमान दहा वेळा पाठ केलाय, दहा वेळा विसरलेय.

मावशीने पोलिओची बाटली हातात दिली. लेबलवर जांभळट गोल, त्याच्या आत फिकट चौकोन. "चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना? मग वापरायची. चौकोन गोलाएवढा किंवा जास्त गडद झाला की फेकायची." या खुणेचे, म्हणजे व्हीव्हीएमचे, चार टप्पे मी चित्र काढून पाठ केले होते. मावशी ते बाटली उचलता उचलता बघते, बोलणं चालूच असतं. पेंटाव्हॅलंटची काल उघडलेली बाटली तिने तारीख बघून पुन्हा काढली, कारण ती अठ्ठावीस दिवस चालते. बीसीजी आणि गोवर-रुबेला मात्र विरघळवली की चार तास, उरली तरी टाकून द्यायची. आपल्या तक्त्यात हे दोन रकाने आहेत. तिथे एक आई बाळाला घेऊन साडेबाराला धापा टाकत आली, बीसीजीची वेळ संपत आलेली. मावशीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "बसा, पहिलं तुमचं घेते." बाळाच्या डाव्या दंडावर सुई कातडीला जवळजवळ आडवी, आणि संत्र्याच्या सालीसारखी छोटी गाठ वर आली.

पीएसएमचा तेवढा भाग आता विसरेन असं वाटत नाही.

आणि वही सुरू केली. कालच्या ग्रँड टेस्टला (पूर्ण ३०० प्रश्नांची सराव परीक्षा) १४२. चुकलेले १५८. अक्षरं मोजली : न ५२, वि ६१, घ २४, ब २१.

घणसोलीचा | सकाळी ७:४५

बघ! घ आणि ब मिळून ४५. ते अर्धे वाचवलेस तरी तू सुटलीस. घाईवर उपाय सांगतो. पेपर सलग दीडशेचा नसतो आता. सकाळी १५०, दुपारी १५०, आणि प्रत्येक अर्ध्यात पन्नास-पन्नासचे तीन तुकडे, तुकड्याला पन्नास मिनिटं. एकदा तुकडा बंद झाला की मागे जाता येत नाही. म्हणून घरीही पन्नासच्या तुकड्यातच सोडव, समोर घड्याळ ठेवून. प्रश्नातला "एक्सेप्ट" आणि "नॉट" बोटाने स्क्रीनवर टेकवून वाच. वेड्यासारखं दिसतं, पण माझे सात-आठ मार्क त्या बोटाने वाचवले.

आणि उत्तर बदलायचं नाही! पहिलं मनात येतं तेच ठेवायचं. हा नियम भिंतीवर लिही.

तिरकस | सकाळी ९:१५

मी डॉक्टर नाही, ऑडिटवाला आहे. पण शेवटच्या नियमाला आक्षेप.

ब २१ हे तुम्ही चुकलेल्या उत्तरांतून मोजलेत. बदलल्यामुळे बरोबर आलेली उत्तरं त्या वहीत येणारच नाहीत, कारण वही फक्त चुकांची आहे. नफ्याची पानं फाडून तोट्याचीच वही तपासली तर प्रत्येक धंदा बुडीत दिसेल. आधी बदललेली सगळी उत्तरं मोजा, मग नियम भिंतीवर लिहा.

डॉ_खारघर | सकाळी ९:४०

तिरकस साहेब, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

घणसोलीचा | सकाळी ११:०२

मान्य. मी हे कधी मोजलंच नव्हतं.

पाचपाखाडीकरीण | पाच दिवसांनी, दुपारी ४:२०

मोजलं. कालच्या टेस्टला बाजूला कोरा कागद ठेवला. उत्तर बदलताना प्रत्येक वेळी प्रश्नाचा नंबर आणि आधीचा पर्याय लिहिला. एकूण ३४ बदलले. बरोबरचं चूक झालं ११, चुकीचं बरोबर झालं १६, चुकीचं चुकीचंच राहिलं ७. म्हणजे बदलून पाच मार्क कमावले!

पण त्यात गंमत आहे. १६ पैकी बरीचशी अशी, की प्रश्न पुन्हा वाचताना काहीतरी नवीन दिसलं, वय, किंवा "गर्भवती" हा शब्द. आणि ११ बहुतेक सगळी तुकड्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतली, काही नवीन दिसलं नव्हतं, नुसती भीती. तर माझा नियम असा : कारण दाखवता आलं तर बदलायचं, घड्याळाकडे बघून बदलायचं नाही.

तिरकसकाका, थँक्यू. (काका म्हटलं तर चालेल ना?)

तिरकस | दुपारी ४:५०

चालेल. पहिला प्रतिसाद मागे घेतो. काकूंचीही माफी.

काकू_नेरूळ | संध्याकाळी ६:३०

दिली माफी. आता माझं एक विचारते. मुलगा २०२२ ला गेला. त्याला वेगळे नियम आहेत म्हणतात, ते काय?

घणसोलीचा | रात्री १०:१५

हो काकू. १८ नोव्हेंबर २०२१ ला नवीन नियम आले, त्यानंतर गेलेल्यांना ते लागू. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीतून, १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच त्याच विद्यापीठात, आणि परत आल्यावर इथे आणखी एक वर्ष. शिवाय प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांत सगळं आटपायचं. आम्ही जुन्या नियमांतले असल्यामुळे या दहा वर्षांच्या कात्रीत नाही, पण तो आहे. त्याला आत्ताच सांगा, सुट्टीला आला की नुसता गोव्याला जाऊ नकोस म्हणावं.

डिग्रीवर तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला) लागतो. तिथून निघण्याआधी ते काम करून निघायचं, इथे आल्यावर ईमेलवर ईमेल करत बसायची पाळी येते. माझे अडीच महिने त्यात गेले. नीटचा निकालही जपून ठेवा.

नेक्स्टचंही, म्हणजे एफएमजीईच्या जागी येणाऱ्या परीक्षेचंही, लोक विचारतात. ती परीक्षा कायद्यात आहे, २०२३ ला पुढे ढकलली गेली. येईल तेव्हा येईल. समोर जी आहे तिचा अभ्यास करायचा.

हमखास_यश | रात्री १:३३

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. परीक्षेचा पेपर आधी मिळवून देण्याच्या जाहिराती इथे चालणार नाहीत. खातं बंद. — व्यवस्थापन]

रबाळे_नाइटशिफ्ट | पहाटे ३:१०

काढायच्या आधी मी वाचला होता. दर वेळी परीक्षा जवळ आली की हे टेलिग्रामवर उगवतात. मागे एकाने माझ्या ओळखीतल्या मुलाकडून पैसे घेतले आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपच गायब.

आणि "मागच्या वर्षीचा खरा पेपर" म्हणून जी पीडीएफ फिरते तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. परीक्षा घेणारं बोर्ड पेपर बाहेर देत नाही. मुलांनी आठवून लिहिलेले प्रश्न असतात, त्यात पर्याय अर्धे चुकीचे, उत्तरं त्याहून चुकीची. विषय कळायला ठीक.

माझी प्रगती : दिवसाला चाळीस, चौदा दिवस न चुकता. ऐरोली स्टेशनवर एकदा उतरायचंच विसरलो, प्रश्न थायरॉइडचा होता.

डॉ_खारघर | सकाळी ८:००

तो बरोबर आला का?

रबाळे_नाइटशिफ्ट | सकाळी ८:२०

नाही सर 😅

पाचपाखाडीकरीण | चार महिन्यांनी, रात्री ९:०५

धागा वर काढतेय. मधे इथे आले नाही, मोबाइल आईच्या कपाटात असायचा.

थोडक्यात : सोळा रंगीत वह्या माळ्यावर गेल्या. चुकांच्या तीन वह्या झाल्या, पैकी पहिली तर पाठच आहे. ज्या ओळीपुढे वि आहे तेवढ्याच ओळी दर रविवारी वाचायच्या, बाकीच्या नाही. वि ६१ वरून १९ वर आलेत. न फारसे हलले नाहीत, बायोकेमिस्ट्री आणि माझं जन्माचं वैर आहे, तिथे १७ पैकी ९ आले तरी मी नारळ फोडेन. चिल्लर सहा विषय मिळून शेवटच्या टेस्टला २४. शेवटच्या तीन टेस्ट १५४, १४९, १६१.

१४९ आले त्या दिवशी खूप रडले. संध्याकाळी बाबा म्हणाले चल, तलावपाळीला जाऊन येऊ. गडकरी रंगायतनपासून पूर्ण फेरी मारली, त्यांनी अभ्यासाचा शब्द काढला नाही. शेवटी कणीस घेऊन कट्ट्यावर बसलो तेव्हा म्हणाले, "मॅचचा आवाज लावू का आता? परवा सेमीफायनल आहे." मी म्हटलं लावा ना, मी तर कधीच सांगितलं नव्हतं. तर म्हणाले, "तू सांगितलं नव्हतंस, पण परवा शेजारचे लावत होते तेव्हा तू दार लावून घेतलंस."

लावला आवाज. मी पन्नासचा तुकडा हॉलमध्येच बसून सोडवला, बाबांच्या ओरडण्यात. ५० पैकी २९. परीक्षा हॉलमध्ये एवढा गोंधळ नक्की नसेल.

घणसोलीचा | रात्री ९:३५

क्या बात है! पास झालीस की चिंचपोकळीला एमएमसीत (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) तात्पुरत्या रजिस्ट्रेशनला जायचं, मग इंटर्नशिप. त्याचं सगळं मी सांगतो, आता त्यात डोकं घालू नको.

डॉ_खारघर | रात्री ९:५०

शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नकोस. झोप मोड नकोस. आणि ओआरएसची ऑस्मोलॅरिटी?

पाचपाखाडीकरीण | रात्री ९:५२

२४५! सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम १.५, सायट्रेट २.९. सर, झोपा आता.

पाचपाखाडीकरीण | तीन दिवसांनी, दुपारी १:१५

ॲडमिट कार्ड आलं. केंद्र महापे एमआयडीसी. परीक्षा रविवारी, सकाळी नऊला पेपर सुरू, पण आत घेणं त्याच्या बरंच आधी बंद होतं. पाचपाखाडीतून कसं जाऊ? घणसोली की कोपरखैरणे?

रबाळे_नाइटशिफ्ट | दुपारी १:४०

दोन्हीकडून रिक्षा मिळते. पण ताई, रविवार! ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक आहे की नाही ते शनिवारी संध्याकाळीच बघ. ब्लॉक बहुतेक अकराच्या सुमाराला सुरू होतो, म्हणजे जाताना अडचण नाही यायची, पण भरवसा ठेवू नकोस. मला मागच्या वेळी दिघ्याच्या पुढे गाडी वीस मिनिटं उभी होती आणि मी डब्यात बसून घामाघूम.

तिरकस | दुपारी २:०५

ट्रेनचा जुगार कशाला? सकाळी सहाला ठाणे-बेलापूर रोड रिकामा असतो. कॅब आदल्या रात्री बुक करा आणि दुसरा एक गाडीवाला हाताशी ठेवा.

काकू_नेरूळ | दुपारी २:३०

काही नको. शनिवारी संध्याकाळी आईबाबांना घेऊन माझ्याकडे नेरूळला ये. मुलाची खोली रिकामीच आहे. रविवारी सकाळी माझे मिस्टर गाडीने सोडतील, त्यांना पाचला जाग येतेच. जेवायला काय, तेवढं व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) कळव. तिखट नको म्हणाली होतीस का कुठे?

पाचपाखाडीकरीण | दुपारी २:४४

काकू, तुम्हाला मी कधी भेटलेसुद्धा नाहीये.

काकू_नेरूळ | दुपारी २:४६

म्हणूनच म्हटलं ये. ओळखपत्राचं ओरिजिनल आणि ॲडमिट कार्डाच्या दोन प्रती घे. वरणभात करते, पोटाला बरा.

रबाळे_नाइटशिफ्ट | दुपारी ३:३०

काकू, माझंही केंद्र महापेच आलंय. नुसतं सांगतोय.

काकू_नेरूळ | दुपारी ३:३२

हॉलमध्ये गादी घालते. तू शनिवारची रात्रपाळी मात्र करायची नाहीस.